आजाराचा कारभार कोणाकडे?

जव्हारच्या एका तरुण शिक्षकांचे पत्र गेल्या महिन्यात आले. ते लिहितात, "डॉक्टरसाहेब, हल्ली स्व-व्यवस्थापन आणि व्यक्तिमत्त्व विकास ह्या विषयांवर जिकडेतिकडे शिबिरे भरतात. ध्येय ठरवणे, वेळेचे नियोजन, मनाची शिस्त वगैरे. आपण आपल्या सदरात ह्यावर काही लिहावे." पत्र वाचल्यावर प्रथम वाटले, की हा काही आपला प्रांत नव्हे. मी साधा एम.बी.बी.एस. डॉक्टर. मोखाड्यासारख्या ठिकाणी ताप, जुलाब, खोकला, विंचू आणि साप पाहण्यात उणीपुरी सत्तावीस वर्षे गेली. माणसाने मोठे कसे व्हावे हे मी काय सांगणार? पत्र टेबलाच्या खणात गेले.

दोन दिवसांनी पोशेऱ्याच्या एक मावशी गोळ्यांसाठी आल्या. त्यांना पाहिले आणि लक्षात आले, की ह्या विषयावर सांगण्यासारखे माझ्याकडे आहे. फक्त ते मी शिकवलेले नसून शिकलेले आहे.

गोष्ट २०१८ च्या दिवाळीच्या सुमाराची. आमच्या तालुक्यातल्या इतर गावांप्रमाणेच पोशेऱ्यातही पावसाळ्यात भात, नागली, वरई होते आणि दिवाळीनंतर शेतात काम उरत नाही. मग घरेच्या घरे कुलूप लावून निघतात. कोणी भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर, कोणी बांधकामावर, कोणी नाशिककडे द्राक्षाच्या बागांत. होळीला चार दिवस गावी येतात, पुन्हा जातात आणि पेरणीच्या तोंडावर परततात. ह्या मावशींचे यजमान पन्नाशीचे, अंगाने काटक. खांद्यावर गळू झाले म्हणून दवाखान्यात आले होते. सहज रक्तदाब पाहिला तर १८०/११०! त्रास काहीच नाही. मी गळू फोडले, रक्तदाबाची गोळी सुरू केली. पंधरा दिवसांनी आकडा १४८/९२ वर उतरला. मी खूश झालो. "आता नियमित घ्या, बंद करू नका," असे बजावून तीस गोळ्या लिहून दिल्या. ते आठ दिवसांनी भट्टीवर निघणार आहेत हे त्यांनी मला सांगितले होते. तीस गोळ्या आणि पाच महिने! तिसरीतल्या मुलाला जमेल असे हे गणित मी केले नाही.

फेब्रुवारीत त्यांना जीपमधून आणले. उजवा हात आणि पाय लुळा, वाचा गेलेली. भट्टीवरच झटका आला होता, तिकडच्या रुग्णालयात काही दिवस काढून घरी निघाले होते. गोळ्या डिसेंबरातच संपल्या होत्या. मी सवयीप्रमाणे मावशींवर रागावलो. "गोळी बंद का केली? नियमित घ्या म्हणून सांगितले होते ना?" त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "डाक्टर, गोळ्या सरल्या. सरल्या तं काय करायचं, ते तुम्ही सांगितलंच नाय."

ह्या वाक्याला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही.

वाचकहो, आजार दोन तऱ्हेचे असतात. जुलाब झाले, न्यूमोनिया झाला, हाड मोडले, की काही दिवस रुग्णाने स्वतःला डॉक्टरच्या हवाली करायचे आणि बरे होऊन घरी जायचे. रक्तदाब, मधुमेह, दमा, संधिवात, फेफरे, सिकलसेल ह्यांचे तसे नाही. ते पाहुणे म्हणून येत नाहीत, घरातलेच होऊन राहतात. वर्षाचे तास होतात ८,७६०. महिन्यातून एकदा दहा मिनिटे रुग्ण माझ्यासमोर बसला, तर वर्षाचे भरतात दोन तास. उरलेले ८,७५८ तास तो स्वतः असतो, त्याची चूल असते, त्याचे काम, त्याची झोप, त्याची बिडी. म्हणजे आजाराचा कारभार प्रत्यक्षात रुग्णच पाहत असतो. आम्ही डॉक्टर उगाच समजतो, की तो आमच्या हाती आहे. ‘स्व-व्यवस्थापन’ हा शब्द मला जड वाटतो. आपल्याकडे ‘कारभार’ हा चांगला जुना शब्द आहे. घरचा कारभार, शेताचा कारभार, तसा आजाराचा कारभार. आणि कारभार हा शिकावा लागतो.

हे शिकवता येते का, ह्याचा पद्धतशीर शोध अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लॉरिग ह्या परिचारिका व संशोधिकेने घेतला. सुरुवात १९७० च्या दशकाच्या अखेरीस संधिवाताच्या रुग्णांपासून झाली. पुढे सर्वच दीर्घ आजारांसाठी त्यांनी वर्ग तयार केले. आठवड्यातून एकदा अडीच तास, असे सहा आठवडे. वर्ग चालवणारी माणसे डॉक्टर नव्हती. स्वतः एखादा दीर्घ आजार घेऊन जगणारी साधी माणसे होती. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात वर्गाला आलेल्यांची तब्येत इतरांपेक्षा सुधारली आणि रुग्णालयात राहण्याचे दिवस कमी झाले असे दिसले. मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. संधिवाताच्या वर्गांचे निष्कर्ष तपासताना आढळले, की कोणी किती व्यायाम केला ह्यापेक्षाही ‘हे मला जमेल’ असा विश्वास ज्यांच्यात वाढला त्यांना अधिक बरे वाटत होते. त्याच विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बंडुरा ह्यांनी १९७७ साली ह्या विश्वासावर सिद्धान्त मांडला होता. हा विश्वास भाषणाने येत नाही. लहानशी गोष्ट स्वतः करून दाखवल्याने येतो, आणि आपल्यासारख्याच दुसऱ्याला ती जमलेली पाहिल्याने येतो.

म्हणून त्या वर्गांत ‘आजपासून पथ्य पाळीन’ असला संकल्प चालत नाही. काय करणार, किती, केव्हा आणि आठवड्यातले किती दिवस, हे नेमके सांगावे लागते. मग विचारतात, शून्य ते दहा ह्या मापात खात्री किती? सातच्या खाली उत्तर आले तर संकल्प लहान करायचा. मी हा प्रश्न दवाखान्यात आण्यांत विचारतो. "बाबा, सोळा आण्यांपैकी किती आणे जमेल?" जुनी माणसे हसतात, पण खरे उत्तर देतात. बारा आण्यांच्या खाली आले, की मी माझाच सल्ला कमी करतो. रोज दहा बिड्या ओढणाऱ्याला ‘उद्यापासून बंद’ म्हटले तर तो मान डोलावतो. विचारले तर म्हणतो, दोन आणे. सकाळच्या चहाआधीची बिडी सोडाल का? चौदा आणे. ठीक, तिथून सुरू करू. बिडी अखेर पूर्णच सुटायला हवी, थोडी ओढलेली चालते असे मुळीच नाही. पण पहिली पायरी चढल्याशिवाय दुसरी दिसत नाही.

आता पुन्हा मावशींकडे. त्या फेब्रुवारीच्या दिवशी त्यांचाही रक्तदाब पाहिला, तो निघाला १६४/१००. पुढच्या आठवड्यात पुन्हा पाहिला, तितकाच. एका घरात दोन रुग्ण, एक अंथरुणावर. ह्या वेळी मी जरा शहाणा झालो होतो. म्हटले, "गोळ्या संपण्याच्या आधी या." त्यांनी विचारले, "आधी म्हणजे कवा?" मी म्हणालो, आठ-दहा दिवस. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, "म्हंजे बियाण्यावाणी."

आमच्या भागात ज्यांनी घरे आतून पाहिली आहेत त्यांना हे लगेच कळेल. खायची नागली कणगीत असते आणि पेरणीचे बियाणे वेगळे बांधून ठेवलेले असते. कणगी तळाला जाते, घरात रानभाजी आणि कंद शिजतात, पण बियाण्याला कोणी हात लावत नाही. ते खाल्ले तर पुढचे वर्ष गेले. मावशींनी दोघांच्या गोळ्यांतल्या दहा-दहा वेगळ्या काढून फडक्यात बांधल्या. रोजच्या गोळ्या संपून फडके सोडायची वेळ आली, की त्या आठवड्यात दवाखाना गाठायचा. भट्टीवरही त्यांनी तेच केले. तिथे आठवड्याची खर्ची मिळते त्या दिवशी मजूर बाजाराला जातात. मावशी त्याच फेरीत सरकारी दवाखान्यात जाऊन कागद दाखवू लागल्या. गोळी चुकू नये म्हणून सकाळचा चहा चुलीवर ठेवला, की आधी यजमानांना गोळी, मग स्वतःला, मग कुडावर कोळशाची रेघ. लिहिता-वाचता येत नाही. रेघा मात्र मोजता येतात.

ह्यातले काहीही मी त्यांना शिकवलेले नाही. मी फक्त दहा दिवसांचा आकडा दिला. बाकीचे ज्ञान त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या होतेच. चार महिन्यांचे धान्य आठ महिने पुरवणाऱ्या बाईला ‘नियोजन’ शिकवायला आपण शहरातून वक्ते बोलावतो, ही गंमतच आहे.

काही कामाच्या गोष्टी आता सांगतो, कारण पत्रे त्यांसाठीच येतात. रक्तदाब वाढला, की डोके दुखते असा सार्वत्रिक समज आहे. बहुतेकांचे काहीच दुखत नाही. म्हणून ‘बरे वाटते’ हा गोळी बंद करण्याचा पुरावा नव्हे. गोळी चालू आहे म्हणून आकडा खाली आहे. एखादे दिवशी सकाळी विसरलात तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवशी आठवले तर दोन एकदम घेऊ नका. अॅम्लोडिपिन ह्या नेहमीच्या गोळीने काहींच्या घोट्यांना सूज येते. तशी आली तर डॉक्टरला सांगा, तो गोळी बदलील. आपण होऊन बंद करू नका. पाकीट कापून गोळ्या वाटून ठेवत असाल तर नाव आणि मुदतीची तारीख असलेला तुकडा टाकू नका. माझ्याकडे नुसत्या पांढऱ्या गोळ्या घेऊन ‘हीच द्या’ म्हणणारे आठवड्याला दोघेतिघे येतात, आणि पांढऱ्या गोळ्या जगात हजारो आहेत.

रक्तदाब मोजताना आधी पाच मिनिटे स्वस्थ बसा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, त्याआधी अर्धा तास चहा-बिडी नाही. डोक्यावर दोन हंडे घेऊन चढण चढून आलेल्या बाईचा रक्तदाब लगेच मोजला तर तो वाढलेलाच दिसणार. मी स्वतः घाईत असे आकडे लिहिले आहेत, हे कबूल करतो. दोनदा मोजा, वेगवेगळ्या दिवशी मोजा. १४०/९० किंवा त्याहून अधिक वारंवार येत असेल तर तो रक्तदाब.

मिठाबद्दल जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे, दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाचा चमचा. तोही सगळ्या पदार्थांतले धरून. आमच्याकडे मीठ दडलेले असते ते सुक्या मासळीत. सुकट-बोंबील सोडा म्हटले तर पावसाळ्यात भाकरीबरोबर खायचे काय? मावशींनी उपाय काढला: मासळी कोमट पाण्यात भिजवून ते पाणी दोनदा फेकायचे आणि कालवणात वरून मीठ घालायचे नाही. मीठ पुष्कळ कमी होते. नागलीबद्दलही विचारणा होते. नागली उत्तम धान्य, कॅल्शियम भरपूर, कोंडाही चांगला. पण मधुमेह्याने पाच भाकऱ्या खाल्ल्या तर साखर वाढायची ती वाढतेच.

मधुमेहाची गोळी घेऊन उपाशीपोटी कामाला जाऊ नये. काही गोळ्यांनी साखर एकदम उतरते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, विनाकारण चिडचिड ही तिची लक्षणे. खिशात गुळाचा खडा असू द्या. आणि तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात पडणे, बोलणे अडखळणे, ह्यांतले एकही अचानक झाले तर भगताकडे नाही, माझ्याकडेही नाही, १०८ ला फोन. मेंदूतली गुठळी विरघळवणारे औषध देण्याची मुदत साधारण साडेचार तासांची असते आणि त्याआधी मेंदूचा फोटो काढावा लागतो. मोखाड्यापासून त्र्यंबकमार्गे नाशिक गाठायलाच त्यातला मोठा वाटा जातो. घरातल्या सगळ्यांना, शाळकरी पोरांनाही, ही तीन लक्षणे पाठ असावीत.

कोणी म्हणेल, हे खेड्यातल्या अडाण्यांसाठी ठीक. शिकलेल्यांना काय सांगायचे? १९९५ साली गडचिरोलीच्या डॉ. अभय बंग ह्यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा ते पंचेचाळिशीच्या आतबाहेर होते. त्यांच्याहून आरोग्याचे अधिक ज्ञान असलेला माणूस मिळणे कठीण. पुढे त्यांनी स्वतःच्या आहाराचा, धावपळीचा, ताणाचा शोध घेतला, जगण्याची रीत बदलली आणि तो सारा प्रवास ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ ह्या पुस्तकात प्रांजळपणे लिहिला. ज्ञान असणे आणि ते स्वतःच्या ताटापर्यंत पोचणे ह्यांत किती अंतर आहे, ते त्यातून कळते. ह्याच बंग दाम्पत्याने गडचिरोलीतल्या खेड्यांत गावच्याच बायकांना नवजात बाळांची काळजी आणि उपचार शिकवले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटलेले होते. डॉ. बंग ह्याला ‘आरोग्य-स्वराज्य’ म्हणतात.

मात्र एक इशारा द्यायलाच हवा. स्वतःचा कारभार स्वतः पाहणे म्हणजे औषध दुकानातून मनाने गोळ्या आणणे नव्हे, किंवा इंजेक्शन घेऊन महिनाभर ताकद येईल असे मानणे नव्हे. तसेच हे शब्द रुग्णावर जबाबदारी ढकलून मोकळे होण्यासाठीही नाहीत. उपकेंद्रात गोळ्याच आलेल्या नसतील, तर मावशींचे फडके काय करील? १९९२-९३ साली आमच्या शेजारच्या जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला उपासमारीने आणि आजाराने मुले दगावली, तेव्हा तिथल्या आयांना कोणी ‘व्यवस्थापन’ शिकवायला गेले असते तर ती क्रूर थट्टा ठरली असती. आधी धान्य, पाणी, रस्ता आणि औषध, कौशल्य त्यांच्यानंतर. आशाताईंनी तिशीपुढच्या सर्वांचे अर्ज भरून रक्तदाब-साखरेची तपासणी करून घ्यावी अशी सरकारची योजना आहे, गोळ्या फुकट मिळतात. त्या मागून घ्या. स्थलांतराला निघण्यापूर्वी एकदम अधिक दिवसांच्या गोळ्या देण्याची विनंती करा. नाही मिळाल्या तर का नाही, हे विचारा. विचारणे हाही कारभाराचाच भाग आहे.

मावशी आता विचारतात, पूर्वी विचारत नसत. ही गोळी कशाची, ही तपासणी कशाला, हिच्याऐवजी ती का? गेल्या वर्षी बचत गटाच्या बैठकीत त्यांनी सगळ्या बायकांना दहा गोळ्यांचे गाठोडे करून दाखवले म्हणे. यजमान काठीच्या आधाराने अंगणात येतात. वाचा अर्धीच परतली, पण कोळशाची रेघ आता तेच ओढतात, डाव्या हाताने.

आणि परवा, जिच्यामुळे हा लेख लिहायला बसलो ती गोष्ट. मी मावशींना तपासले, १३४/८४. शाबासकी दिली. त्या उठताना सहज म्हणाल्या, "डाक्टर, तुमची साखर काय म्हणते?" मला एकोणपन्नासाव्या वर्षी मधुमेह निघाला हे तालुक्याला ठाऊक आहे, लपवण्यासारखे काही नाही. मी म्हणालो, "ठीक आहे." त्या म्हणाल्या, "तपासली कवा?"

तपासून चौदा महिने झाले होते. गोळ्या दवाखान्यातच असतात, म्हणून कधी घ्यायच्या ह्याला ताळतंत्र नव्हते. फिरायला जायचे रोज ठरत होते आणि रोज पहिला पेशंट दारात उभा असे. निदान मी स्वतःला तसे सांगत होतो. त्याच दिवशी रक्त पाठवले. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी जी तपासणी असते, तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात त्यावर ती आधारलेली आहे, ती आली ८.६. सात किंवा त्याच्या आसपास हवी. रुग्णाची अशी आली असती तर मी त्याला चार शब्द सुनावले असते.

स्वतःलाच आण्यांचा प्रश्न विचारला. रोज पहाटे तासभर फिरणे? पाच आणे, खरे सांगायचे तर चार. मग ठरवले, आठवड्यातले चार दिवस, दवाखाना उघडण्यापूर्वी वीस मिनिटे. तेरा आणे. पहिल्या आठवड्यात तीन दिवस झाले, दुसऱ्यात चार, तिसऱ्यात पाऊस लागला आणि एकच. टेबलामागच्या कॅलेंडरवर रेघा ओढतो आहे. मावशी आल्या, की त्या आधी तिकडे पाहतात, मग हात पुढे करतात. पुढची तपासणी दिवाळीच्या आधी, त्या भट्टीवर निघण्यापूर्वी करायची असे आमचे ठरले आहे. तेव्हा त्यांच्या फडक्यात किती गोळ्या बांधायच्या ह्याचा हिशेब मी आताच कागदावर मांडून ठेवला आहे: दोन माणसे, पाच महिने, आणि वर दहा-दहा बियाण्याच्या.